एका प्रश्नास एकच उत्तर

घरातील एखादे मूल गणितात मागे पडू लागले म्हणजे वडील माणसे दोनच निदाने करतात. एक, 'अभ्यास करीत नाही'. दुसरे, 'आपल्या घराण्यात गणित कोणालाच नव्हते'. पहिल्या निदानाने दोष मुलास लागतो, दुसऱ्याने पूर्वजांस. शिकविणाराचेच काही चुकले असेल, हे तिसरे निदान सहसा कोणाच्या तोंडी येत नाही. आम्ही स्वतः पस्तीसएक वर्षे शिकविण्याचेच काम केले असल्यामुळे ते आमच्याही तोंडी आजवर आले नव्हते. गेल्या पावसाळ्यात आमच्या एका नातीने ते आमच्याकडून वदविले; म्हणून हा लेख.

ही आमच्या पुतण्याची मुलगी. दहावीपर्यंत गणितात तिचा हात धरणारे वर्गात कोणी नव्हते. अकरावीत 'संबंध आणि फलने' हे प्रकरण निघाले आणि पहिल्याच चाचणीत तिला वीसांपैकी सहा गुण मिळाले. घरात कुजबूज सुरू झाली. तिच्या वडिलांनी शास्त्रशाखा सोडण्याचा अर्जही आणून ठेविला; महिनाअखेर तो भरावयाचा होता. मुलगी काहीच बोलत नव्हती. जेवणाच्या पानावर बसे, खाली मान घालून उठे. जी मुलगी बोलभांड म्हणून घरात प्रसिद्ध, तिचे हे मौन आम्हांस बरे वाटले नाही. आम्ही तिची उत्तरपत्रिका मागून घेतली.

प्रश्न असा होता: 'य² = क्ष, यात क्ष दिला असता य ठरतो; हा संबंध फलन आहे काय? कारण लिहा.' तिने लिहिले होते, 'होय, कारण सूत्र दिले आहे.' त्यावर तांबड्या शाईची फुली होती, आणि ती योग्यच होती. पण त्या ओळीखाली शिसपेन्सिलीने लिहून मागाहून खोडलेली आणखी एक ओळ होती. चष्मा पुसून आम्ही ती वाचली: 'पण क्ष = ४ असेल तर य कोणता धरावयाचा, २ की −२?'

वाचकहो, प्रश्नाचे खरे उत्तर त्या खोडलेल्या ओळीत होते. उत्तर हाती आलेले असता ती आपली वेडगळ शंका असे समजून मुलीने ते खोडून टाकले, आणि जे पाठ होते ते वर लिहिले. अशा मुलीस गणित येत नाही असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

ती ओळ वाचून आम्हांस दुसरीच एक गोष्ट आठवली. तिच्याकडे आम्ही शेवटी वळू. आधी त्या संध्याकाळी माजघरात बसून आम्ही नातीस जे सांगितले ते क्रमाने देतो. ज्या घरांत अकरावीची मुले आहेत त्या घरांस ते उपयोगी पडेल.

आम्ही प्रथम एक कागद घेऊन त्यावर दोन याद्या केल्या. डावीकडे घरातील सर्व मुलांची नावे, उजवीकडे नात्यागोत्यातील सर्व मोठ्या माणसांची. मग म्हटले, "आता प्रत्येक मुलाकडून त्याच्या मामाकडे बाण काढ." तिने काढले. एका मुलाचे तीन मामा, म्हणून तेथून तीन बाण निघाले. एकास मामाच नाही, तेथून एकही निघाला नाही. "हा झाला संबंध," आम्ही सांगितले. संबंध म्हणजे डावीकडचे एक नाव आणि उजवीकडचे एक नाव अशा जोड्यांचा संच. त्याहून अधिक काही नाही. मात्र जोडीत क्रम महत्त्वाचा. 'भाचा, मामा' या जोडीची उलटापालट केली तर मामा भाचा होऊन बसेल! म्हणून गणितात तिला क्रमित जोडी म्हणतात.

दुसऱ्या कागदावर त्याच याद्या करून आम्ही म्हटले, "आता प्रत्येक मुलाकडून त्याच्या जन्मदात्या आईकडे बाण काढ." या वेळी प्रत्येक नावापासून एक आणि एकच बाण निघाला. कोणी वगळले गेले नाही, कोणास दोन बाण मिळाले नाहीत. "हे झाले फलन," आम्ही म्हणालो. काही पुस्तकांत यासच 'फल' म्हटलेले असते. दोन भावंडांचे बाण एकाच आईकडे गेले तरी बिघडत नाही. बिघडते ते दोनच प्रकारांनी: डावीकडच्या एखाद्या नावास बाणच नसला तर, किंवा एकाहून अधिक असले तर. मामाच्या कागदावर हे दोन्ही दोष होते. आईच्या कागदावर एकही नव्हता.

मग तिला आईचाच कागद उलटा वाचावयास सांगितले. म्हणजे आईकडून मुलाकडे. "आजोबा, आता हे फलन राहिले नाही," ती आपण होऊन म्हणाली, "कारण आमच्या आईला आम्ही दोघे." बरोबर! संबंध तोच, जोड्याही त्याच, पण दिशा बदलली की फलनत्व जाऊ शकते. म्हणून 'हे फलन आहे काय' असा नुसता प्रश्न अपुरा आहे. 'कशापासून कशाकडे' हे आधी ठरले पाहिजे.

फलन हा संबंधांतील किती थोडा भाग आहे, हेही मोजून पाहण्याजोगे आहे. डावीकडे ३ नावे व उजवीकडे ४ असतील, तर संभवनीय जोड्या १२. त्यांतील प्रत्येक जोडी घ्यावयाची किंवा टाकावयाची, म्हणून एकंदर संबंध २ चा बारावा घात, म्हणजे ४०९६. फलने मात्र ४ × ४ × ४ = ६४ एवढीच; कारण डावीकडच्या प्रत्येकास चारांपैकी एकच जागा निवडता येते. चार हजारांवर संबंधांत चौसष्ट फलने! एका प्रश्नास एकच उत्तर ही अट दिसावयास साधी, पण चाळणी किती बारीक आहे पाहा.

इतक्यात आमच्या काकू देवघरातून बाहेर आल्या. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे, शाळा चौथीपर्यंत झालेली. आम्ही नातीस म्हटले, "काकूआजींना आजची तिथी विचार." तिने विचारली. काकू म्हणाल्या, "अगं, कोणत्या वेळची विचारतेस? सूर्योदयाला तृतीया होती. पण संकष्टी आजच. चंद्रोदयाला चतुर्थी आहे."

आम्ही त्यांस मनोमन नमस्कार केला. नुसती 'आजची तिथी' हे फलन नव्हे, कारण एका दिवसात दोन तिथी, क्वचित तीनही येऊन जातात. 'आजच्या सूर्योदयाची तिथी' हे फलन आहे. 'आजच्या चंद्रोदयाची तिथी' हे दुसरे फलन. काकूंनी उत्तर देण्यापूर्वी प्रश्न निश्चित करून घेतला. गणित शिकलेले किती लोक तेवढे करतात?

पंचांगाचे हे उदाहरण पुढेही कामास आले. तिथी म्हणजे चंद्राने सूर्यापासून बारा अंश पुढे जाण्यास घेतलेला काळ. हा काळ सारखा नसतो, सुमारे १९ तासांपासून २६ तासांपर्यंत बदलतो. म्हणून कधी एकच तिथी लागोपाठ दोन सूर्योदयांस असते, ती वृद्धितिथी. कधी एखादी तिथी एका सूर्योदयानंतर सुरू होऊन दुसऱ्यापूर्वी संपते, ती क्षयतिथी. आता पाठ्यपुस्तकातील तीन जड शब्द घ्या. चांद्रमासातील सूर्योदय हा आपला 'प्रांत', म्हणजे ज्यांविषयी प्रश्न विचारावयाचा त्यांचा संच. तीस तिथी हा 'सहप्रांत', म्हणजे ज्यांतून उत्तर यावयाचे तो संच. आणि त्या महिन्यात ज्या तिथी खरोखर एखाद्या सूर्योदयास लाभल्या, तेवढ्यांचा 'विस्तार'. क्षयतिथी सहप्रांतात असते पण विस्तारात नसते. महिन्यात २९ च सूर्योदय आले तर निदान एक तिथी क्षय पावलीच पाहिजे, कारण २९ प्रश्नांस ३० निरनिराळी उत्तरे येणार कोठून? हे ऐकून नात प्रथमच हसली. सहप्रांत आणि विस्तार यांतील भेद तिने आठ दिवस घोकला होता, पण त्याचे प्रयोजन तिला कोणी सांगितले नव्हते.

आता उलट दिशा घ्या. तिथीवरून दिवस काढावयाचा तर वृद्धितिथीस दोन दिवस मिळतात आणि क्षयतिथीस एकही नाही. म्हणजे मामाच्या कागदाचे दोन्ही दोष येथे आले. परंतु व्रत तर एका दिवशी केले पाहिजे. म्हणून शास्त्रकारांना निर्णय करावे लागले. इ. स. १६१२ मध्ये कमलाकरभट्टांनी रचिलेला 'निर्णयसिंधु' आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी केलेला 'धर्मसिंधु' हे ग्रंथ अशा निर्णयांनी भरलेले आहेत. गणेशचतुर्थी मध्याह्नव्यापिनी घ्यावी, संकष्टी चंद्रोदयव्यापिनी घ्यावी, असे नियम त्यांत येतात. जेथे उत्तरे दोन संभवतात तेथे नियमाने एकाची निवड करणे, हाच तो व्यवहार.

एवढे झाल्यावर आम्ही तिची खोडलेली ओळ पुढे ठेविली. य² = क्ष. क्ष चार असता य दोनही चालतो, उणे दोनही चालतो. एका प्रश्नास दोन उत्तरे, म्हणून हे फलन नव्हे. शिवाय क्ष ऋण असेल तर वास्तव संख्यांत य मुळी सापडतच नाही. आलेख काढला तर हे डोळ्यांस दिसते: आडवा पडलेला परवलय निघतो, आणि ४ या ठिकाणी उभी रेषा ओढली की ती वक्रास दोन जागी छेदते. कोणतीही उभी रेषा आलेखास एकाहून अधिक ठिकाणी छेदीत नसेल तरच तो फलनाचा आलेख.

मग √४ म्हणजे काय? येथेही गणितज्ञांनी निर्णय केलेला आहे. ते चिन्ह लिहिले की ऋण नसलेले मूळच घ्यावयाचे. म्हणून √४ = २, आणि तेवढेच. परंतु 'ज्याचा वर्ग ४ आहे अशा संख्या सांगा' म्हटले तर उत्तरे दोन, २ आणि −२. पहिला प्रश्न फलनाचा, दुसरा समीकरणाचा. हा भेद ज्याच्या ध्यानात आला त्याची पुढील वर्षांची निम्मी गोंधळाची कारणे नाहीशी झाली असे आम्ही म्हणू.

दहावीतून अकरावीत येताना मुले अडखळतात त्याचे आणखी एक कारण आमच्या ध्यानात आले. दहावीपर्यंत 'क्ष' हा लपून बसलेला चोर असतो. समीकरण सोडवून त्यास पकडावयाचे. भास्कराचार्य अशा राशीस अव्यक्त म्हणत, आणि अनेक अव्यक्ते आली म्हणजे यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी त्यांची नावे ठेवीत. फलनात मात्र 'क्ष' कोठेही लपलेला नसतो. तो प्रांतात मोकळा हिंडतो, आणि त्याच्या प्रत्येक मुक्कामी काय उत्तर येते एवढेच आपण पाहतो. अक्षर तेच, पण त्याचा धर्म बदललेला आहे, हे मुलांस कोणी सांगत नाही. तसेच फ(क्ष) हे चिन्ह. कंस दिसला की मुलांस गुणाकार वाटतो, आणि ती फ(२ + ३) म्हणजे फ(२) + फ(३) असे बेधडक लिहितात. फ(क्ष) = क्ष² हे घेऊन पाहा. फ(५) = २५; पण फ(२) + फ(३) = ४ + ९ = १३. फ(क्ष) म्हणजे 'फ' ने क्ष ला दिलेले उत्तर. 'फ' ही संख्या नव्हेच.

आता राहिली तिची मूळ चूक, की सूत्र असले म्हणजे फलन झाले आणि सूत्र नसले म्हणजे नाही. ही चूक मोठी कुलीन आहे! 'फंक्शन' हा शब्द लाइब्नित्सने सतराव्या शतकात वक्ररेषांच्या संदर्भात प्रथम योजिला. ऑयलरसारख्या महापंडिताने १७४८ सालच्या आपल्या ग्रंथात फलन म्हणजे चल व अचल राशींनी बनलेले सूत्र अशीच व्याख्या केली होती. १७५५ साली त्याने ती सैल केली, आणि एका राशीच्या बदलाबरोबर दुसरी बदलते एवढ्यावर भर दिला. पुढे १८३७ साली डिरिक्ले याने प्रत्येक क्ष ला एक निश्चित य असणे हेच पुरेसे मानिले. मग तो य एकाच सूत्राने मिळो वा न मिळो. म्हणजे सूत्रापासून फलन सुटे व्हावयास जवळजवळ नव्वद वर्षे लागली. तेथे सोळा वर्षांच्या मुलीस आठ दिवस लागले तर तिची शाखा बदलावयाची काय?

आमच्याकडील उदाहरण तर याहून बोलके आहे. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये 'आर्यभटीया'त ज्यांचे कोष्टक दिले. चौथाई वर्तुळाचे २४ भाग करून प्रत्येक भागाची ज्या त्याने ज्यांतील अंतरांच्या रूपाने सांगितली: २२५, २२४, २२२, २१९ याप्रमाणे. कोनास ज्या जोडणारे हे कोष्टक म्हणजे फलनच. त्याच ज्येचे जवळपास मूल्य देणारे सुबक सूत्र पहिल्या भास्कराने नंतर सातव्या शतकात दिले. आधी कोष्टक, मागून सूत्र.

आणि आपले त्रैराशिक? प्रमाण, फल आणि इच्छा या तीन राशींवरून चौथी, इच्छाफल, काढावयाची. ५ किलो तांदळास ३०० रुपये, तर ८ किलोस किती? प्रमाण ५, फल ३००, इच्छा ८, इच्छाफल ४८०. आजच्या भाषेत फ(क्ष) = ६०क्ष. व्यस्त त्रैराशिकात ६ माणसे एक काम १० दिवसांत करतात, तर क्ष माणसे ६०/क्ष दिवसांत करतील. येथे प्रांताचा अर्थ फार छान कळतो. माणसे शून्य असली तर काम कधीच होणार नाही, म्हणून शून्य प्रांतात नाही. आणि अडीच माणसे कोणी कामावर लावीत नाही, म्हणून अपूर्णांकही नाहीत. सूत्र नुसते सूत्र असते. कोणत्या संख्यांस ते विचारावयाचे हे व्यवहाराने ठरते. सर्व गणित त्रैराशिकाने व्यापिले आहे असे भास्कराचार्यांचे म्हणणे होते. इच्छा द्यावी आणि एकच फल मिळावे, ही कल्पना तेथे स्पष्ट बसलेली आहे. 'फलन' हा शब्द म्हणूनच आपल्या कानास परका वाटत नाही.

असो. त्या रात्री नातीने आपण होऊन तो प्रश्न पुन्हा सोडविला, आणि खोडलेली ओळ शाईने लिहून काढली. पुढील चाचणीत तिला वीसांपैकी तेरा गुण मिळाले. तेरा म्हणजे दिग्विजय नव्हे. पण महिनाअखेर आली आणि गेली, आणि तो अर्ज फडताळात तसाच पडून आहे. जेवणाच्या पानावर मुलगी पुन्हा वाद घालू लागली आहे, हे आमच्या मते गुणांहून अधिक मोलाचे.

आता ती दुसरी गोष्ट. १९८६ साली आम्ही आठवीस वर्गमूळ शिकवीत होतो. मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, "सर, √४ म्हणजे २ की −२?" आम्ही घाईत म्हटले, "दोन्ही." पुढच्या आठवड्यात त्याने वहीत √९ = ±३ असे लिहिले. पुस्तकात उत्तर ३ होते, म्हणून आम्ही फुली मारिली. तो वही घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "पण सर, आपणच सांगितले होते." वर्गात हशा झाला. आम्ही त्यास 'फाजील प्रश्न विचारू नकोस' असे बजावून हातावर एक छडी दिली. खरे सांगावयाचे तर त्या दिवशी आम्हांसच उत्तर ठाऊक नव्हते. संच व संबंध आमच्या वेळच्या मॅट्रिकला आम्ही शिकलो नव्हतो, आणि ठाऊक नाही असे म्हणण्याइतके धैर्य आमच्या अंगी नव्हते. त्या मुलाने पुढे आमच्या तासाला हात वर केला नाही.

तो आज पन्नाशी उलटलेला गृहस्थ असेल. त्याच्या घरीही कदाचित अकरावीतले मूल असेल. √९ चे उत्तर ३ एवढेच आहे, कारण तसे ठरविलेले आहे. पण तुझी शंका योग्य होती आणि छडी चुकली, हे त्यास सांगावयाचे आमच्याकडून राहून गेले. वाचकांच्या घरी मुलाची उत्तरपत्रिका आली तर गुण पाहण्यापूर्वी त्याने काय खोडले आहे ते एकदा उजेडात धरून वाचावे, एवढीच आमची विनंती.